बिनमाणसाच्या गाडीतले पाच दाणे

माझ्या डोळ्याला खडा दिसतो. मोठेपणा म्हणून सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगते. परातभर जोंधळ्यात एक खडा असू दे नाहीतर एक किडका दाणा असू दे, माझं बोट आपोआप त्याच्यावर जातं. माहेर माझं कळंबचं. बागायती गाव, चारी बाजूंनी ऊस. लग्न होऊन मोरगावच्या कोरडवाहू रानात आले तेव्हा शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, की ही उसातली पोर, हिला जोंधळा काय कळतोय. मला राग लवकर येतो. त्या रागापायीच मी निवडणं शिकले, आणि दोन सुगीत असं शिकले की त्याच बायका बियाणं निवडायला माझ्यापुढं आणून ठेवायला लागल्या.

सासूकडनं आणखी एक गोष्ट घेतली. आमच्या घरात रास झाली की त्यातलं सगळ्यात भरलेलं कणीस देव्हाऱ्यावर खिळ्याला टांगायचं. वर्षभर ते तिथंच राहतं. पुढच्या पेरणीला त्यातले पाच दाणे काढायचे, गणपतीपुढं ठेवायचे, आणि पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, पहिली मूठ धरायची ती त्या पाच दाण्यांसकट. आता पाभर गेली, ट्रॅक्टरनं पेरतात, पण आमचे मालक अजून ते पाच दाणे यंत्राच्या डब्यात पडल्याशिवाय ट्रॅक्टर हलू देत नाहीत. एका वर्षी गडबडीत टाकायचे राहिले आणि त्या वर्षी पेरलेलं उगवलंच नाही. पाऊस नव्हता म्हणून उगवलं नाही, हे मलाही कळतं. पण ते वर्ष माझ्या डोक्यातनं कधी गेलं नाही.

आम्हाला एकच मुलगी. शिकली, बारामतीला एका संशोधन केंद्रात लागली, तिथंच खोली घेऊन राहते. तिचं काम जोंधळ्याच्या मुळ्यांवर. चार वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागं लागली होती, की आमच्या रानातला जोंधळा वर अंतराळ स्थानकावर पाठवायचा आणि तिथं त्याला मोड आणायचे. मी म्हटलं, बाई, हितं मोड येत न्हाईत व्हय? तर तिनं मला बसवून सांगितलं. इथं मुळी खाली जाते, कारण तिला खाली कुठं ते कळतं. तिथं वर नाही आणि खालीही नाही. मग मुळी कुठं जाईल? ते समजलं, तर कमी पाण्यात खोल जाणारी मुळी कशी घडते तेही समजेल. ते मला पटलं. कोरड्या रानात मुळी काय करते हे आम्ही जन्मभर बघत आलो होतो.

किती अर्ज केले तिनं, किती ठिकाणी नकार ऐकला, ते तिचं तिला माहीत. शेवटी परदेशातल्या एका मोहिमेत तिला तळहाताएवढ्या डबीपुरती जागा मिळाली. डबीत बारा नळ्या, एकेका नळीत वीस दाणे. वर राहणारी माणसं त्यात पाणी सोडणार, आठ दिवस मोड वाढू देणार आणि मग गोठवून ठेवणार. लग्नाचा विषय काढला की ती म्हणायची, डबी जाऊ दे, मग बघू. घर बांधायचा विषय काढला तरी तेच. चार वर्षं आमच्या घरात सगळं त्या डबीपाशी येऊन थांबायचं.

बी धुवायचं कसं आणि का, हेही तिनं मला नीट सांगितलं होतं. वर हवा एकच, खिडकी उघडायची सोय नाही. बुरशीचा कण सुटला तर तो खाली बसत नाही, तरंगत राहतो. तीच हवा तिथली सात माणसं ओढतात, तीच यंत्रंही ओढतात. म्हणून प्रत्येक दाणा औषधात धुवायचा, वाळवायचा आणि काचेच्या पेटीतच हाताळायचा. शिवाय लिहून द्यावं लागतं, सही करून, की यात न धुतलेलं काहीही नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. मला माहीत नव्हतं, असं मी कुणाला म्हणू शकत नाही.

भीती बसली ती निराळ्याच गोष्टीची. मी एकदा सहज विचारलं, की वर डबी नेणार कोण? तर म्हणाली, कुणीच नाही. स्थानकावर जेवण, पाणी, कपडे, सगळं खालनंच जातं, आणि ते नेणाऱ्या यानात माणूस नसतो. आपलं आपण जातं, दोन-तीन दिवस फिरत फिरत स्थानकाला गाठतं, चिकटतं. तिथली माणसं माल उतरवून घेतात आणि मोकळ्या यानात कचरा भरतात. मग ते सुटतं आणि येताना हवेत जळून जातं.

"म्हंजी ड्रायव्हरच न्हाय?" मी विचारलं.

ती हसली. माझी समजूत पटावी म्हणून मोबाईलवर तिनं एक जुनी चित्रफीत दाखवली. तसलंच एक माल नेणारं यान, उडालं, आणि थोडं वर जाऊन त्याचा धुराळा झाला. बघ, म्हणाली, आत कुणी नव्हतं म्हणून कुणी गेलं नाही, म्हणूनच माणूस ठेवत नाहीत. तिला वाटलं मला धीर येईल. माणूस वाचला हे खरं, पण त्यात ठेवलेल्या मालाचं काय? त्यातही कुणाची तरी डबी असणारच की. आपण बैलगाडी कधी एकटी सोडली नाही आणि टेम्पो कधी एकटा सोडला नाही. माझ्या लेकीची चार वर्षं बिनमाणसाच्या गाडीत घालून वर सोडायची होती, आणि डबीबरोबर जायला कुणीच नव्हतं.

त्यात तिनंच मला बोलावलं. धुऊन वाळवलेल्या बियांतून तडा गेलेला, डाग असलेला दाणा वेगळा काढायचा होता. तिच्या हाताखालच्या मुलांनी निवडलेलं तिच्या मनाला येईना. म्हणाली, आई, तूच ये. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या शिकलेल्या माणसांत माझ्या डोळ्याचं काम पडलं होतं. सकाळी न्हाऊन, गणपतीला जाऊन आले, निघताना देव्हाऱ्यापुढं उभी राहिले आणि खिळ्यावरच्या कणसातले पाच दाणे पदराच्या टोकाला बांधले. त्या वेळी नक्की काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. बरोबर असावेत, एवढंच वाटलं. असं मी स्वतःला सांगत होते, पण मनात होतंच.

बारामतीला प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत तिनं मला पांढरा डगला दिला, टोपी दिली, तोंडाला फडकं दिलं आणि हातमोजे दिले. ती आत पेटी पुसायला गेली. मी गाठ सोडली आणि पाच दाणे हातमोज्याच्या मनगटाशी दुमडलेल्या घडीत सरकवले. काचेच्या पेटीत हात घालून बसले. चिमट्यानं एकेक दाणा उचलायचा, उलटापालटा करून बघायचा आणि नळीत सोडायचा. ती कौतुकानं बघत होती. अकरा नळ्या भरल्या. बाराव्या नळीत पंधरा दाणे झाले तेव्हा ती पाठ करून नळ्यांच्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहीत होती. मी घडीतले पाच दाणे चिमट्यानं काढले आणि सोडले. वीसच्या वीस झाले. एकसारखे दाणे, कुणाला काय कळणार. ती वळली, मोजले, झाकण लावलं. म्हणाली, तुझ्यासारखं कुणी न्हाय. मी हसले. मला फार शांत वाटत होतं. वाटलं, आता पोरीचं बी एकटं नाही.

उड्डाण झालं ते आमच्याकडं दुपारी. मालकांनी मोबाईल बाजरीच्या डब्याला टेकवून ठेवला होता. ते उभं राहून बघत होते, मी बघतच नव्हते, चुलीकडं तोंड करून बसले होते. गेलं, नीट गेलं, असं ते म्हणाले तेव्हा मी देव्हाऱ्यापुढं डोकं टेकलं. लेकीचा फोन आला, ती रडत होती आणि हसत होती. म्हणाली, उद्या तिन्हीसांजेला वर बघा, मोठा ठिपका म्हणजे स्थानक आणि त्याच्या मागनं जाईल ते आपलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बांधावर जाऊन उभे राहिलो. उजेड पुरता गेला नव्हता, शेळ्या वाड्याकडं चालल्या होत्या. पहिला ठिपका आला, शुक्रासारखा लख्ख, आवाज नाही, काही नाही, सरळ चाललेला. आणि थोड्या वेळानं त्याच्याच वाटेवर दुसरा आला, बारका आणि मंद. मालक म्हणाले, त्यो बघ तुझा जोंधळा. आणि का कुणास ठाऊक, तो बारका ठिपका बघताच माझ्या अंगावर सरकन काटा आला. आतापर्यंत मी ती गाडी फुटेल म्हणून भीत होते. ती फुटली नाही, नीट चालली होती, आणि त्या सात माणसांकडं चालली होती. त्यांच्या हवेत मी न धुतलेले पाच दाणे पाठवले होते. वर्षभर खिळ्यावर टांगलेले, उदबत्तीचा धूर बसलेले, पाली फिरतात त्या भिंतीवरचे. ते माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं. देवाजवळचं म्हणजे चोख, एवढंच मी धरून चालले होते.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी कुणाशी बोलले नाही. भाकरी थापली तर कडेनं करपली. मालकांनी विचारलं तर त्यांच्यावरच डाफरले. मनात एकच चाललं होतं, की पाच दाण्यांनी असं काय होणार आहे. आणि लगेच दुसरं, की मग तिनं एवढं औषधात धुतलं ते काय उगीच?

तिसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला, आणि तिचा आवाज ऐकूनच कळलं, काहीतरी बिघडलंय. यान स्थानकाच्या अगदी जवळ गेलं होतं. जवळ गेलं, आपलं आपणच थांबलं आणि मागं सरकलं. का, ते कुणालाच कळत नव्हतं. दोन दिवसांनी पुन्हा जवळ नेऊन बघणार होते. स्थानकाला लागलं तर पहिल्या मालात तिची डबी उतरवणार होते आणि त्याच दिवशी पाणी सोडणार होते. नाहीच लागलं तर सगळंच गेलं. आई, तू देवाला दिवा लाव, एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

मी तशीच उंबऱ्यावर बसले. त्या यानाला कळलं, हेच माझ्या मनात आलं. खुळेपणा होता, मला माहीत आहे, पण त्या वेळी खुळेपणा वाटला नाही. आत माणूस नाही, तरी ते दारापर्यंत जाऊन माघारी फिरलं. आपल्या पोटात काय आहे ते त्याला कळलं असणार.

तिन्हीसांजेला मी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पाच दान्यानं काय हुतंय. गप ऱ्हा. सांगून पोरीचं वाटोळं करशील." मी म्हटलं, आणि न सांगून? त्यावर ते उठून गोठ्यात गेले. त्यांचंही चुकलं म्हणत नाही. सांगितलं तर डबी उघडणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. लेकीची चार वर्षं तिथंच संपणार, आणि तीही आईच्या हातानं. न सांगितलं तर कदाचित काहीच होणार नव्हतं. तो 'कदाचित' मी रात्रभर धरून बसले. डोळा लागला की दिसायची ती बंद खिडकी. आत माणसं खोकतायत आणि खिडकी उघडत नाही.

सकाळच्या एसटीनं मी बारामतीला निघाले. मालकांना सांगितलं नाही, पण ते जागे होते. गाडीत खिडकीशी बसले. मोरगाव मागं पडलं. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर मनात यायचं, इथंच उतरावं आणि परतीची गाडी धरावी. एका ठिकाणी तर पिशवी घेऊन उठले होते. कंडक्टर म्हणाला, मावशी, बारामती लांब हाय अजून. मी परत बसले. तो काही बोलला नसता तर मी उतरले असते, हे मी आज कबूल करते.

लेक प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात भेटली. दोन दिवस झोपलेली नव्हती, वेणी तशीच. मला बघून तिला वाटलं, तिला धीर द्यायला आले. माझ्या गळ्यातच पडली. तिला बाजूला करून मी सांगितलं. पदराची गाठ, हातमोज्याची घडी, बारावी नळी, सगळं. सांगताना तिच्याकडं बघायची हिंमत झाली नाही, तिच्या चपलांकडं बघत होते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याशी एरवी घरचं बोलते, माझ्यासारखंच. त्या दिवशी ती पुस्तकातल्यासारखं बोलायला लागली.

"कोणती नळी म्हणालीस?"

"बारावी."

"इतर कुठल्या नळीत नाही? नक्की?"

"न्हाय. पन त्याच चिमट्यानं..."

तिनं डोळे मिटले. चिमट्याचं मला सांगता सांगताच सुचलं होतं. बाराव्या नळीतले शेवटचे दाणे होते म्हणून इतर नळ्या वाचल्या असतील, पण हातमोज्याची घडी तर पहिल्यापासून पेटीतच होती. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग विचारलं, कणीस अजून घरी आहे? मी हो म्हटलं. ते मागवून घे, म्हणाली, आणि आत गेली, दार लावून घेतलं.

मी मालकांना फोन करून कणीस आणायला सांगितलं आणि व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून राहिले. माझी भीती आता उलटी फिरली होती. वाटायला लागलं, ही माझी लेक आहे, मला सांभाळायला म्हणून हीसुद्धा गप्प बसेल. आत बसून ती काय लिहितेय, की काहीच लिहीत नाही, मला कळत नव्हतं. दुपार झाली तरी दार उघडलं नाही. त्या दाराकडं बघत मी जे दोन-तीन तास काढले, तसे वैऱ्यावरही येऊ नयेत. शेवटी ती बाहेर आली आणि म्हणाली, कळवलं. एवढंच बोलली. माझ्यासाठी चहा मागवला. स्वतः घेतला नाही.

संध्याकाळच्या गाडीनं मालक आले. गप ऱ्हा म्हणणारा माणूस, धुतलेल्या धोतराच्या फडक्यात ते कणीस गुंडाळून, दोन्ही हातांनी छातीशी धरून आला होता. लेकीनं ते घेतलं. वर पाठवली तशीच एक नळी तिनं इथं भरली. पंधरा दाणे धुतलेले, पाच त्या कणसातले. पाणी सोडलं आणि ठेवून दिली.

मोहिमेवाल्यांचं उत्तर यायला वेळ लागला नाही. यान लागलं तर डबी आतच ठेवायची, उघडायची नाही, पाणी सोडायचं नाही, आणि जाताना कचऱ्याबरोबर परत पाठवायची. यान दुसऱ्या खेपेला नीट लागलं. पहिल्यांदा ते का मागं फिरलं तेही पुढं कळलं. उन्हाची तिरीप त्याच्या डोळ्यात, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्रात गेली होती, आणि शंका आली तर मागं सर, असं त्याला शिकवलेलंच होतं. माझ्या दाण्यांचा त्यात काही संबंध नव्हता. मला ते ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही. बिनमाणसाच्या गाडीला शंका आली तर ती थांबली. मी थांबले नव्हते.

पाचव्या दिवशी लेकीनं मला बोलावून नळी दाखवली. पंधरा दाण्यांना पांढरे मोड आले होते, पण ते मोड दिसतच नव्हते नीट. त्या पाच दाण्यांवरनं काळी, केसाळ बुरशी चढली होती. त्या बुरशीनं मोडांना गुंडाळलं होतं आणि झाकणापर्यंत पोचली होती. ती नळी इथं उभी होती, खाली बूड, वर झाकण. तिथं ना बूड ना वर, सगळीकडंच पसरली असती. मी हात लावायला गेले आणि मागं घेतला. सांगितलं नसतं तर हे त्या माणसांपुढं उघडलं असतं, हा विचार आजही मध्येच येतो, भाकरी थापताना येतो, आणि हात थांबतो.

काही आठवड्यांनी ते यान कचरा घेऊन सुटलं आणि कुठल्या तरी समुद्रावर जळालं. त्या दिवशी लेक घरी आली होती. तिन्हीसांजेला बांधावर जाऊन उभी राहिली. बघायला काहीच नव्हतं, ते आमच्या आभाळात जळणारच नव्हतं. मीही जाऊन शेजारी उभी राहिले. म्हटलं, मला एक सांग, तू त्यांना लिहिलंस ते माझं नाव घालून लिहिलंस ना? मी रागानं विचारलं. चूक माझी, तर नावही माझंच पाहिजे होतं.

ती आता परत घरचं बोलत होती.

"न्हाय. सही माजी हुती. तुला तितं बसवलं मी, आन पदर तपासला न्हाय मी. तसंच लिवलं."

"आईचा पदर कोन तपासतंय?"

मला रडू फुटलं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण तीही रडत होती, आणि माझ्यासाठी रडत नव्हती. तिची चार वर्षं गेली होती. पुढच्या मोहिमेतली जागा दुसऱ्याच कुणाच्या तरी डबीला मिळाली.

पुढच्या पेरणीला मालकांनी बारामतीहून परत आणलेल्या त्या कणसातले, नेहमीसारखे पाच दाणे माझ्यापुढं धरले. मी हात मागं नेले. त्यांनीच टाकले यंत्रात. उगवलं, चांगलं उगवलं. रास झाली, नवं कणीस खिळ्यावर गेलं. मी त्याच्याकडं बघत नाही.

आणि गेल्या सुगीनंतर लेकीचा फोन आला. तिनं पुन्हा अर्ज केला होता. जागा मिळेल की नाही ठाऊक नाही, पण नमुन्याच्या बारा नळ्या भरून पाठवायच्या होत्या. म्हणाली, आई, निवडायला ये. मी नाही म्हटलं. माझा माझ्या हातावर भरवसा राहिला नाही, असं सरळ सांगितलं. ती म्हणाली, डोळा तर तोच हाय नव्हं? गाडी सात वाजता हाय.

गेले. त्याच बाहेरच्या खोलीत उभी राहिले. तिनं डगला पुढं केला, पण तो घालायच्या आधी मी पदर खांद्यावरनं काढून तिच्यासमोर धरला.

"बघ," मी म्हणाले.

मला वाटलं होतं ती म्हणेल, राहू दे गं आई. ती तसं म्हणाली नाही. तिनं पदर हातात घेतला आणि काठाकाठानं बोटं फिरवली. टोकाला जुन्या गाठीची चुरगळ होती, ती उलगडून बघितली. मग माझे हात उलटेपालटे करून बघितले, नखं बघितली. परातीत खडा शोधताना मी बघते ना, अगदी तशी बघत होती. हातमोजेही तिनंच घातले आणि घडी न घालता मनगटावर ताणून बसवले. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं, कारण आता भ्यायचं काम माझ्या एकटीकडं नव्हतं.

मग मी काचेच्या पेटीत हात घालून बसले. गेल्या वेळी ती पाठ करून चिठ्ठ्यांवर आकडे लिहीत होती. या वेळी आकडे तिनं आधीच लिहून ठेवले होते. बाराव्या नळीत शेवटचा दाणा पडेपर्यंत ती माझ्या हातांकडं बघत उभी राहिली.